बटण दाबायला कोण? अनेक उपकरणांवरच्या स्वयंचलित चाचणीची पार्श्वभूमी

स्वयंचलित चाचणी म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येते ती स्क्रिप्ट, म्हणजे तपासणीच्या पायऱ्या आपोआप चालवणारा छोटा प्रोग्रॅम. पण तीच स्क्रिप्ट पन्नास वेगवेगळ्या बोर्डांवर (एकाच पट्टीवर मांडलेल्या छोट्या संगणकांवर) किंवा दोनशे फोनांवर रोज रात्री चालवायची म्हटलं, की गाडी भलत्याच ठिकाणी अडते. एखादा बोर्ड मध्येच गोठतो आणि त्याचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा चालू करायला कोणाचा तरी हात लागतो. या क्षेत्राचा इतिहास माझ्या मते तो हात बाजूला काढण्याचा इतिहास आहे.

'एकच सॉफ्टवेअर, अनेक यंत्रं' ही कल्पनाच मुळात संगणकांच्या मागून आली. सुरुवातीला प्रोग्रॅम त्या-त्या यंत्रापुरते लिहिले जात; यंत्र बदललं की बरंचसं काम पुन्हा पहिल्यापासून. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमनं सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. लहानमोठी सहा मॉडेलं, आणि एकावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेल हा शब्द. असा शब्द दिला की तो प्रत्येक मॉडेलवर खरा करून दाखवणं आलंच. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमधली युनिक्स ही कार्यप्रणाली पीडीपी-११ हा संगणक सोडून इतर यंत्रांवर जाऊ लागली, तेव्हा बाइटांचा क्रम, म्हणजे माहितीचे तुकडे स्मृतीत कोणत्या क्रमानं ठेवायचे ते, हा एक मोठा खड्डा निघाला. क्रम उलटा असेल तर यू-एन-आय-एक्स ही चार अक्षरं एन-यू-एक्स-आय अशी उमटतात. या गोंधळाला 'नक्सी प्रॉब्लेम' असंच नाव पडलं. कोड शंभरदा वाचूनही अशी चूक सहज नजरेतून सुटते. दुसऱ्या यंत्रावर चालवला की पहिल्याच ओळीत दिसते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या टिंडरबॉक्स या साधनानं विंडोज, मॅक आणि युनिक्सच्या यंत्रांवर सतत बिल्ड चालवून, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तयार करून, कुठे काय मोडलं ते एका पानावर रंगांनी दाखवायला सुरुवात केली. पण ही यंत्रं म्हणजे टेबलावरचे संगणक होते. ते सहसा सुरळीत चालू व्हायचे, नेटवर्कवर यायचे. खरी पंचाईत पुढे होती.

ती आली फोन आणि छोट्या बोर्डांमधल्या एआरएम चिप्समुळे. पीसीमध्ये बायोस, म्हणजे यंत्र सुरू करून देणारा अंगभूत प्रोग्रॅम असतो, आणि बरेचसे भाग आपली ओळख स्वतःच सांगतात. एआरएम बोर्डांवर अशी सोय फारशी नव्हती. कोणता भाग कुठल्या पत्त्यावर बसवलाय हे लिनक्स कर्नलला (लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याला) आधीच सांगावं लागे, म्हणून जवळजवळ प्रत्येक बोर्डाची सी भाषेतली वेगळी फाइल असे. फाइलींचा ढीग इतका वाढला की मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर बोर्डाचं वर्णन कोडमधून काढून 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वेगळ्या माहितीत नेण्याच्या कामाला वेग आला. डिसेंबर २०१२ मधल्या कर्नल ३.७ पासून अनेक कंपन्यांच्या एआरएम चिप्सवर एकच कर्नल चालवण्याची वाट मोकळी झाली.

या सुधारणेची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. फाइली वेगळ्या होत्या तोवर एकाची चूक बहुधा त्याच्याच बोर्डापुरती राहायची. कर्नल सामायिक झाल्यावर एकानं केलेला बदल, त्यानं कधी पाहिलाही नाही असा तिसराच बोर्ड बंद पाडू शकत होता. जगातले सगळे बोर्ड कोणा एकाच्या टेबलावर असणं शक्य नाही. मग करायचं काय?

उत्तराचे तुकडे तयार होत होते. २०१० मध्ये एआरएम, आयबीएम, सॅमसंग, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आदी कंपन्यांनी मिळून लिनारो ही संस्था काढली. तिथे लाव्हा ही चाचणी-यंत्रणा घडली. तिची कल्पना साधी, पण अंमलबजावणी जिकिरीची. प्रत्येक बोर्डाचा वीजपुरवठा सॉफ्टवेअरनं चालू-बंद करता येईल अशा स्विचवर घ्यायचा, बोर्डाचे संदेश बाहेर आणणाऱ्या सिरियल कन्सोलची तार जोडायची, कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडर या प्रोग्रॅमला आज्ञा देऊन नवा कर्नल नेटवर्कवरून चढवायचा आणि कन्सोलवर येणारा मजकूर वाचत राहायचं. लॉगिनची ओळ ठरलेल्या वेळेत आली नाही, तर वीज तोडायची. बटण दाबणारा हात इथे गेला.

२०१४ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कर्नलसीआय या प्रकल्पानं पुढचं पाऊल टाकलं. कर्नल मध्यवर्ती ठिकाणी बांधायचे आणि ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांना द्यायचे. बोर्ड ज्याचे त्याच्याकडेच राहतात, निकाल मात्र एकत्र जमतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे आला.

फोनच्या जगात विविधतेचा आकडाच छाती दडपवणारा होता. ओपनसिग्नल या कंपनीच्या मोजणीत २०१२ मध्ये अँड्रॉइडची ३,९९७ वेगवेगळी उपकरणं आढळली, तर २०१५ मध्ये २४,०९३. फेसबुकनं २०१६ मध्ये अमेरिकेतल्या प्राइनव्हिल इथल्या आपल्या डेटा सेंटरमधली फोनची प्रयोगशाळा जगापुढे मांडली: एकेका रॅकमध्ये ३२ फोन, एकूण सुमारे २,०००. शेजारच्या फोनांच्या वायफाय लहरींची लुडबूड नको म्हणून रॅकच बाहेरच्या लहरी अडवणारे केलेले. ज्यांच्याकडे एवढी ऐपत नाही, त्यांच्यासाठी दूरवरचे खरे फोन भाड्यानं देणाऱ्या सेवा तोवर आल्या होत्या.

एम्युलेटर, म्हणजे एका संगणकावर दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम, असताना एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. २००३ पासून क्यूएमूसारखी उत्तम साधनं आहेत आणि रोजच्या बहुतेक चाचण्या त्यांवरच व्हाव्यात. पण तापल्यावर मंदावणारी चिप, वेळेवर न जागणारा वायफाय चिपसेट, झोपेतून उठताना अडखळणारा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) हे एम्युलेटरमध्ये दिसत नाही.

माणूस बाजूला झाल्यावर एक नवीच अडचण उभी राहिली. चाचणी नापास झाली तर दोष कोडचा, की ढिल्या यूएसबी तारेचा? पूर्वी समोर बसलेला माणूस तार हलवून पाहायचा. लाव्हात त्यासाठी 'हेल्थ चेक' असतो: नीट चालतो हे माहीत असलेला कर्नल अधूनमधून त्याच बोर्डावर चढवून बघायचा. तोही चालला नाही, तर यंत्रणा त्या बोर्डाला कामावरून उतरवते आणि दुरुस्तीची वाट पाहते.