लोह संपलेले की अडकलेले? आतड्याच्या शस्त्रक्रियेआधीच्या ॲनिमियाचे दोन प्रकार

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेची तारीख जवळ येते, भूलतज्ज्ञ हिमोग्लोबिनचा आकडा पाहून नाराजी दाखवतात, आणि इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून एकच धावपळ सुरू होते: बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि मेडिकलमधून आणलेल्या लोहाच्या गोळ्या. घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण ॲनिमिया म्हणजे लोहाची कमतरता हे समीकरण त्यांना वर्षानुवर्षे सर्वांनीच शिकवले आहे, आणि त्या सर्वांत डॉक्टरही आले. प्रत्यक्षात आतड्याचा कर्करोग, किंवा क्रोनचा आजार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस यांसारखे आतड्याच्या दीर्घ दाहाचे आजार असलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन दोन निरनिराळ्या कारणांनी उतरते. कधी शरीरातले लोह खरोखर संपलेले असते, तर कधी ते शरीरातच पडून असते, पण रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेपर्यंत पोहोचत नाही. रिपोर्टावर या दोन अवस्था वरवर सारख्या दिसतात आणि उपचाराचा हिशेब तिथेच चुकतो.

पहिली अवस्था परिचयाची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आपले आतडे दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोह शोषते. हिमोग्लोबिन चांगले असलेल्या माणसाच्या 1 मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते, त्यामुळे आतड्यातल्या गाठीतून रोज दोन चमचे, म्हणजे 10 मिलिलीटर, रक्त झिरपले तरी 5 मिलिग्रॅमची तूट पडते आणि ती कोणत्याही आहाराने भरून निघत नाही. गाठ मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात असेल, तर हे रक्त शौचात मिसळून जाते आणि डोळ्यांना दिसतही नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या शरीरातले लोह संपलेले आढळले, तर 'मूळव्याध असेल' असे म्हणून विषय मिटवणे मला अजिबात मान्य नाही. तिथे कोलोनोस्कोपीचा, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने मोठे आतडे तपासण्याचा, विचार झालाच पाहिजे.

दुसरी अवस्था समजायला एक गोष्ट ठाऊक असावी लागते. अस्थिमज्जेला रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागते, आणि ते जवळजवळ सगळे जुन्या लाल पेशींच्या मोडीतून येते. प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी म्हाताऱ्या लाल पेशी गिळतात आणि त्यांतले लोह पुन्हा रक्तात सोडतात. शरीरात दाह सुरू झाला, मग तो गाठीमुळे असो, जंतुसंसर्गामुळे असो वा क्रोनच्या आजारामुळे, की यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. पेशींतून लोह बाहेर पडण्याचे एकमेव दार फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनाचे असते आणि हेपसिडिन तेच नष्ट करते. कोठार भरलेले, पण कुलूप लागलेले, अशी ही स्थिती असते. तेच कुलूप आतड्याच्या अस्तरातल्या पेशींनाही लागते. गोळीतले लोह त्या पेशींत शिरते, पुढे सरकत नाही, आणि काही दिवसांत पेशी झडली की तिच्याबरोबर शौचावाटे निघून जाते.

आता रिपोर्टाकडे वळू, कारण लोक अडखळतात ते इथेच. समजा तीन रुग्ण आहेत आणि तिघांचेही हिमोग्लोबिन 9 आहे. तिघांचे सीरम आयर्न, म्हणजे रक्तात फिरणारे लोह, हेही सारखेच, 30 आहे. पहिल्याचे टीआयबीसी (रक्तातले वाहक प्रथिन एकूण किती लोह वाहू शकते त्याचे माप) 420 आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप) 9 आहे. दुसऱ्याचे टीआयबीसी 210 आणि फेरिटिन 180 आहे. तिसऱ्याचे टीआयबीसी 300, फेरिटिन 64 आणि दाह दाखवणारे सीआरपी 38 आहे. सीरम आयर्नला टीआयबीसीने भागून शंभराने गुणले की ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे ते वाहक प्रथिन लोहाने किती टक्के भरलेले आहे, हे मिळते. ते पहिल्याचे 7 टक्के, दुसऱ्याचे 14 टक्के आणि तिसऱ्याचे 10 टक्के येते. तिघेही 20 टक्क्यांच्या खाली आहेत, म्हणजे अस्थिमज्जेपर्यंत पुरेसे लोह कोणाच्याच पोहोचत नाही. पहिल्याचा साठा मात्र रिकामा आहे आणि दुसऱ्याचा अडकलेला आहे. पहिल्याच्या शरीराने लोह मिळवण्यासाठी वाहक प्रथिन वाढवले म्हणून टीआयबीसी चढले. दुसऱ्याच्या शरीरात दाहामुळे ते उलट उतरले.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो तिसऱ्या रुग्णाच्या बाबतीत. रिपोर्टाच्या उजव्या रकान्यात लॅबने छापलेली मर्यादा पाहिली, तर 64 हे फेरिटिन निर्धास्तपणे 'नॉर्मल' दिसते आणि 'लोह ठीक आहे' असा शेरा मिळतो. परंतु फेरिटिन हे केवळ साठ्याचे मोजमाप नाही, दाह वाढला की तेही वाढते. ती छापील मर्यादा निरोगी माणसांवरून ठरवलेली असते. सीआरपी 38 असलेल्या रुग्णाला ती लावण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या ॲनिमियाबाबत 2017 साली तज्ज्ञांचे जे आंतरराष्ट्रीय मतैक्य प्रसिद्ध झाले, त्यानुसार फेरिटिन 30 च्या खाली असेल तर साठा निश्चित संपलेला आहे, आणि सीआरपी 5 च्या वर किंवा सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली असेल तर फेरिटिन 100 पर्यंत असले तरी लोहाची कमतरता धरावी. हा तिसरा रुग्ण दोन्ही अवस्थांचा आहे: थोडे लोह संपलेले, उरलेले अडकलेले. आतड्याच्या कर्करोगात अशी सरमिसळ सर्रास असते. म्हणूनच फक्त सीरम आयर्न तपासून समाधान मानणाऱ्या रिपोर्टांचा मला मनापासून कंटाळा आहे, कारण तो आकडा दोन्ही अवस्थांत कमीच येतो आणि त्यावरून भेद कळत नाही. फेरिटिन, सॅच्युरेशन आणि सीआरपी एकाच नमुन्यात मागवावेत, आणि तेही गोळ्या सुरू करण्यापूर्वी.

याच भेदावर उपचार ठरतो. निव्वळ साठा संपलेला असेल, दाह नसेल आणि हाताशी सहा-आठ आठवडे असतील, तर गोळी पुरते. ती एक दिवसाआड घेतली तर शोषण अधिक चांगले होते असेही अभ्यासांत दिसले आहे. मात्र सकाळी पोहे-जिलेबी आणि त्यावर कडक चहा, आणि त्या चहाबरोबरच गोळी, हा आपल्याकडचा क्रम मोडावा लागतो. "काकू, चहानंतर निदान दोन तास गोळी घेऊ नका," हे वाक्य मी किती जणींना सांगितले असेल याची गणती नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर घेऊ नये. दाह असेल किंवा तारीख तीन-चार आठवड्यांवर आली असेल, तर शिरेवाटे लोह देणे मला अधिक पसंत आहे. 50 किलो वजनाच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन 8 वरून 13 वर न्यायचे, तर नेहमीच्या सूत्राने वजन, तूट आणि 2.4 यांच्या गुणाकारात साठ्यासाठी 500 मिळवले की सुमारे 1100 मिलिग्रॅम लोह लागते. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण 200 मिलिग्रॅमच देतात, म्हणजे पाच-सहा फेऱ्या होतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत 1000 मिलिग्रॅमपर्यंत देता येते. खरगोन किंवा बडवानीहून इंदूरला ये-जा करणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक लहान नाही. शिरेतून दिलेले लोहही आधी मॅक्रोफेजमध्येच जाते, त्यामुळे दाह तीव्र असेल तर त्याचाही काही भाग अडकतो. पण आतड्याचे बंद दार त्याने निश्चित टळते.

परिणामांबद्दल बोलताना आणखी एक सावधगिरी हवी. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, हृदयाव्यतिरिक्त इतर मोठ्या शस्त्रक्रियांच्या 2,27,425 रुग्णांच्या विश्लेषणात सौम्य ॲनिमियाचाही पहिल्या 30 दिवसांतील मृत्यू आणि गुंतागुंतींशी संबंध आढळला. त्यावरून आकडा वर नेला की धोका आपोआप खाली येतो, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. ब्रिटनमधल्या 'प्रिव्हेंट' चाचणीत, जिचे निष्कर्ष 2020 साली आले, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी 487 रुग्णांपैकी काहींना शिरेवाटे लोह आणि काहींना औषधाविना सलाईन दिले गेले; रक्त चढवण्याची गरज आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. युरोपातील अनेक रुग्णालयांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 202 रुग्णांवर झालेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेसाठी भरती होतेवेळी हिमोग्लोबिन पूर्ववत झालेले रुग्ण शिरेवाटे लोह घेतलेल्यांत 17 टक्के आणि गोळ्या घेतलेल्यांत 16 टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांनी मात्र तेच प्रमाण 60 आणि 21 टक्के झाले. लोह कामाला येते, पण वेळ घेते. शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी घाईने लावलेली लोहाची बाटली त्या दिवसापुरती निरुपयोगी असते.

आदल्या रात्री केवळ आकडा सजवण्यासाठी रक्ताची पिशवी लावण्याची सवय मला याहून अधिक खटकते. रक्तस्राव होत नसलेल्या, स्थिर रुग्णात हिमोग्लोबिन 7 च्या, आणि हृदयविकार असेल तर 8 च्या खाली गेल्यावरच साधारणतः रक्ताचा विचार करतात. एका पिशवीने आकडा सुमारे 1 ने वाढतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्त चढवण्याचा संबंध आजार परतण्याशीही आढळला आहे. रक्त हेच त्याचे कारण आहे असे सिद्ध झालेले नसले, तरी उगाच पिशवी न लावण्यास तेवढे पुरेसे आहे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. लाल पेशी लहान दिसणे दोन्ही अवस्थांत संभवते. त्यावर विसंबू नये. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत तुलनेने अधिक आढळणारा, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहकगुणही लहान पेशी दाखवतो, पण त्यात फेरिटिन सहसा ठीक असते. शाकाहारी रुग्णांत बी-12 तपासून घ्यावे, आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग काढायचा असेल तर आवर्जून तपासावे, कारण ते जीवनसत्त्व तिथेच शोषले जाते.

शस्त्रक्रिया हीच मोठा दाह घडवते, हेही लक्षात ठेवावे. सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते, हेपसिडिन वाढते, आणि कालपर्यंत ज्याचे लोह फक्त संपलेले होते त्याचेही आता अडकते. म्हणून घरी सोडताना कागदावर लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत फारसे काम करत नाहीत, पोट मात्र बिघडवतात आणि शौच काळे करून रक्तस्रावाची नाहक शंका निर्माण करतात. त्या काळात काढलेले फेरिटिनही फसवे असते. दाह ओसरेपर्यंत ते वरच दिसते. तुलनेसाठी उपयोगी पडतो तो शस्त्रक्रियेपूर्वीचा रिपोर्ट, आणि तो काढलेलाच नसेल तर पुढचे काही आठवडे डॉक्टरला अंदाजाने चालावे लागते.