‘मॅश’मधला टवाळ विनोद : पार्श्वभूमी

कोरियन युद्धातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयावरच्या ‘मॅश’ या विनोदी चित्रपटाचं चित्रीकरण १९६९ साली सुरू होतं, तेव्हा त्याच स्टुडिओचे आणखी दोन युद्धपट तयार होत होते. एक दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सेनानीवर, दुसरा पर्ल हार्बरवर. पैसा आणि लक्ष दोन्ही तिकडे. ‘मॅश’ मात्र कॅलिफोर्नियात मालिबूजवळच्या डोंगराळ जागेत तंबू ठोकून कमी खर्चात उरकला जात होता. खर्च आटोक्यात ठेवला की कुणी डोकावायला येणार नाही, हा आपला हिशोब होता, असं दिग्दर्शकाने पुढे सांगितलं. त्या चित्रपटातला बेमुर्वतपणा वाचला तो या दुर्लक्षामुळे.

युद्धावर हसणं तेव्हा नवं नव्हतं. पहिलं महायुद्ध संपायला तीन आठवडे उरले असताना, ऑक्टोबर १९१८ मध्ये, खंदकातल्या सैनिकावरचा एक मूकपट अमेरिकेत लागला होता. १९४० मध्ये हुकूमशहाची नक्कल झाली, १९६४ मध्ये अणुबाँबवर थट्टा झाली. पण या सगळ्यांत विनोद कुठे आहे ते प्रेक्षकाला कळत होतं. ‘मॅश’ने तेच काढून घेतलं.

मूळ कादंबरी १९६८ ची, कोरियात फिरत्या शस्त्रक्रिया रुग्णालयात काम केलेल्या एका सर्जनची. (त्याच युद्धात भारतीय लष्कराचं एक छत्रीधारी वैद्यकीय पथकही १९५० च्या अखेरीपासून राबत होतं, आपल्याकडे त्याची आठवण फार कमी निघते.) पटकथा लिहिणारा माणूस कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिल्यामुळे तुरुंगात जाऊन आलेला, नंतर कित्येक वर्षं हॉलिवूडच्या काळ्या यादीत. चित्रपटाला मिळालेलं एकमेव ऑस्कर त्याच्याच पटकथेला मिळालं.

विनोदाची जात कळायला शस्त्रक्रियेच्या तंबूतला एक क्षण पुरेसा आहे. टाके घालताना एक सर्जन विचारतो, हा अधिकारी आहे की साधा शिपाई? शिपाई, असं कळल्यावर तो सांगतो, मग टाके मोठे घाला. कुणी हसत नाही, कॅमेरा थांबत नाही. त्याच वेळी दुसरं कुणी कात्री मागत असतं, तिसरं भलतंच बोलत असतं. तीन संवाद एकमेकांवर चढलेले असल्यामुळे हे वाक्य निसटूही शकतं. सैन्यातली सारी उतरंड त्या टाक्यांच्या मापात आली आहे, आणि ती पकडायची की नाही हे दिग्दर्शकाने आपल्यावर सोडलं आहे. छावणीतला लाउडस्पीकरही तसाच. सुटे प्रसंग जोडण्यासाठी संकलनाच्या वेळी घातलेल्या त्याच्या घोषणा सपाट आवाजात येतात आणि ‘एवढंच’ म्हणून संपतात.

या मोकळेपणाची स्टुडिओला भीती वाटली. चित्रपटात कोरियाचे उल्लेख इतके कमी ठेवले होते की प्रेक्षकाला तेव्हा चालू असलेलं व्हिएतनाम युद्धच आठवावं. दिग्दर्शकाचा हेतूही तोच होता. शेवटी स्टुडिओच्या आग्रहावरून सुरुवातीला पडद्यावर कोरियाचं नाव झळकवणारा मजकूर घालावा लागला. सोबत एका सेनापतीचे सैनिकांविषयीचे गौरवोद्गारही आले. खाली रक्तबंबाळ माणसं आणि वर ते शब्द. जोडलेल्या मजकुराने चित्रपट सौम्य व्हायच्या ऐवजी अधिक बोचरा झाला.

पुढे ‘मॅश’वरच्या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या वेळी झालेला निर्णय मात्र खरोखर नुकसानकारक होता. सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झालेली ही मालिका ११ पर्वं चालली. वाहिनीने हट्ट धरला की विनोदी मालिका म्हटली की ध्वनिमुद्रित हशा हवाच. निर्मात्यांना तो नको होता. तडजोड ठरली : बाकी ठिकाणी हशा चालेल, शस्त्रक्रियेच्या तंबूत नाही. वरवर पाहता ही निर्मात्यांची सरशी वाटते, पण मला ती तशी वाटत नाही. चित्रपटाचं सारं बळ विनोद आणि रक्त एकाच श्वासात ठेवण्यात होतं. तडजोडीने त्यांच्यात भिंत उभी केली : इथे हसा, इथे गंभीर व्हा. टवाळी धोक्याची असते ती सुतक असलेल्या घरात. परवानगी देऊन ठरलेल्या खोलीत बसवलेली टवाळी ही करमणूक होते. पुढच्या पर्वांत हशाचा आवाज हळूहळू कमी करत नेला, काही भाग त्याच्याशिवाय दाखवले, आणि २८ फेब्रुवारी १९८३ चा, अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिलेला अडीच तासांचा अखेरचा भाग पूर्णपणे हशाविना गेला. ब्रिटनमध्ये मालिका पहिल्यापासून हशा वगळून दाखवली जात होती.

आणखी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. मुख्य परिचारिका अंघोळ करत असताना तंबू पाडण्याचा चित्रपटातला प्रसंग आज पाहवत नाही. एरवी सत्तेकडे तोंड करून चाललेली टवाळी तिथे एका बाईच्या अब्रूवर उतरते आणि सारी छावणी खुर्च्या मांडून बघत बसते. मालिकेने त्याच परिचारिकेला पुढच्या वर्षांत स्वतःचं म्हणणं असलेली व्यक्ती केलं, आणि या बाबतीत मालिका चित्रपटाच्या पुढे गेली.

नंतर निघालेल्या डीव्हीडींवर हशा बंद करायची सोय आहे. तो बंद केला की त्याच भागात वाक्यं भराभर येतात, कुणी त्यांच्यासाठी थांबत नाही, आणि मागून हेलिकॉप्टरचा आवाज ऐकू येऊ लागतो.