दुर्जनांची भरभराट आणि ‘हेवा करू नकोस’ : एका आज्ञेची पार्श्वभूमी

बायबलच्या स्तोत्रसंहितेतले ३७ वे स्तोत्र ‘जळफळू नकोस, हेवा करू नकोस’ अशा दोन क्रियापदांनी सुरू होते आणि पुढचा सगळा वाद त्या दोन शब्दांवर उभा आहे.

पहिले क्रियापद पेटण्याचे. हिब्रूतले ‘हारा’ म्हणजे तापणे, भडकणे. इथे ते स्वतःवरच उलटणाऱ्या रूपात आले आहे. दुष्कर्मे करणाऱ्यांपायी स्वतःला पेटवून घेऊ नकोस, असा त्याचा अर्थ. मराठीतले ‘जळफळणे’ याच्या अगदी जवळ जाते. पहिल्या, सातव्या आणि आठव्या अशा तीन वचनांत हा शब्द येतो आणि आठव्यात कारणही सांगितले आहे : अशाने तूच वाईटाकडे ओढला जाशील.

घोळ दुसऱ्या क्रियापदात आहे. ‘किना’ हा शब्द हेव्याला चालतो तसा निष्ठेतून येणाऱ्या आवेशालाही चालतो. दहा आज्ञांत देव स्वतःला ‘एल कन्ना’, म्हणजे ईर्ष्यावान देव, म्हणवतो, तो याच धातूवरून. होरेब डोंगरावर संदेष्टा एलीया सांगतो की परमेश्वरासाठी मी पेटून उठलो; तिथेही हेच क्रियापद, तेही दुहेरी जोर देऊन. बायबलमधल्याच नीतिसूत्रे या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायातले १७ वे वचन तर एकाच क्रियापदावर दोन्ही बाजू तोलते : तुझ्या मनाची ही ओढ पाप्यांकडे नको, परमेश्वराच्या भयाकडे असू दे. भाषांतरात दुसऱ्या अर्ध्या भागासाठी वेगळे क्रियापद आणावे लागते आणि मूळचा श्लेष हातचा जातो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘ईर्षेने अभ्यास केला’ हे आपण कौतुकाने म्हणतो आणि त्याच ईर्षेला दुर्गुणही मानतो. ‘हेवा वाटावा असे यश’ ही तर शुभेच्छा झाली. मत्सराला मात्र अशी सूट नाही. तो षड्रिपूंत जाऊन बसला आहे. ग्रीकमध्येही अशीच विभागणी दिसते. ‘झेलोस’ दोन्हीकडे चालतो, ‘फ्थोनोस’ फक्त वाईटच. स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरकारांनी पहिल्याच्या कुळातले शब्द घेतले. लॅटिनमध्ये त्याचे ‘एमुलारी’ झाले आणि गुंता आणखी वाढला, कारण या शब्दात बरोबरी करणे, अनुकरण करणे आणि हेवा करणे असे तिन्ही अर्थ येतात. दुर्जनांसारखा होऊ नकोस, की दुर्जनांवर जळू नकोस? एकाच ओळीतून दोन वेगळ्या शिकवणी निघाल्या आणि पश्चिमेकडच्या चर्चने दोन्ही जपल्या.

‘फ्थोनोस’ शुभवर्तमानात कुठे येतो, हे पाहण्यासारखे आहे. येशूला धर्मपुढाऱ्यांनी आपल्या हवाली केले ते हेव्यापोटी, हे रोमन सुभेदार पिलाताला ठाऊक होते, असे मत्तय आणि मार्क दोघेही लिहितात. तिथे हेवा करणारे सत्तेवर आहेत आणि ज्याचा हेवा केला तो बांधून आणलेला कैदी आहे. राजवाड्याला लागून असलेल्या नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठी अहाब राजा अंथरुणावर तोंड फिरवून पडतो आणि जेवत नाही; शौल राजा दावीदाकडे डोळे वटारून बघत राहतो. बायबलच्या गोष्टींत हेवा असा वरून खालीही वाहतो. ‘हेवा करू नकोस’ ही आज्ञा मात्र खालच्या माणसाला दिलेली आहे. ती कोणत्या अवस्थेतल्या माणसाला दिली, हे विसरले की अर्थ बदलतो.

३७ व्या स्तोत्राचा ऐकणारा जमीन गमावण्याच्या बेतात असलेला माणूस आहे. देशाचे वतन मिळेल, हे आश्वासन या स्तोत्रात पाच वेळा येते. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातले ‘नम्र लोक पृथ्वीचे वतन पावतील’ हे याच्याच ११ व्या वचनाचे पडसाद. इथला दुर्जन दूरवरच्या महालात राहत नाही. तो कर्ज घेतो आणि फेडत नाही, तलवार उपसतो, नीतिमानाला गाठून मारायला टपून बसतो. अशा माणसाच्या तावडीत सापडलेल्याला ‘जळफळू नकोस’ असे सांगितले आहे. त्यात दुर्जनाला अभय दिलेले नाही. ऐकणाऱ्याने त्याच्यासारखे होऊन बसू नये, यासाठी ते आहे.

७३ वे स्तोत्र वेगळे. तिथे आज्ञा नाही, कबुली आहे. आसाफाच्या नावावरचा हा कवी म्हणतो की माझे पाय घसरता घसरता वाचले, कारण दुर्जनांची भरभराट बघून मला हेवा वाटला. आणि मग तो त्यांच्याकडे अगदी निरखून बघतो : गळ्यात गर्वाची माळ, अंगावर जुलमाचे वस्त्र, चरबीने फुगून बाहेर आलेले डोळे. तेराव्या वचनात तो सरळ म्हणून टाकतो की मी मन शुद्ध राखले ते व्यर्थच. पवित्रस्थानात गेल्यावर त्याला त्यांचा शेवट दिसतो. पण आधीची सोळा वचने कुणी खोडली नाहीत. ती उपासनेत गायली गेली. ईयोब आणि यिर्मया यांनीही हाच प्रश्न देवाला तोंडावर विचारला आणि तो शास्त्रात जसाच्या तसा राहिला.

यानंतर मोठे वळण उत्तर आफ्रिकेत आले. कार्थेजच्या बिशपाने २५० च्या दशकात हेव्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. पण त्याच्यासमोर छळामुळे फुटलेली ख्रिस्ती मंडळी आणि आपसातल्या चुरशी होत्या. त्यामुळे त्याचा विषय आपल्यापेक्षा चांगल्या माणसाचा हेवा हा आहे. दुर्जनांच्या भरभराटीचा जुना प्रश्न तिथे बाजूला पडतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, तीत हेवा नव्हताच, खिन्नता होती. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमच्या एका पोपने ती यादी नव्याने मांडली आणि हेव्याला जागा दिली. पुढे सात महापापांत तो कायमचा बसला. माझ्या मते या एका फेरफाराने फार काही बदलले. स्तोत्रातला प्रश्न ‘हे दुर्जन का फोफावतात?’ असा होता. पापांच्या यादीत गेल्यावर तो ‘तुला असे का वाटले?’ असा झाला.

त्याच उत्तर आफ्रिकेत, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, हिप्पोच्या बिशपाने ३७ व्या स्तोत्रावर केलेली प्रवचने आजही वाचावीत अशी आहेत. लघुलेखक ती बोलता बोलता उतरून घेत आणि श्रोते मध्येच दाद देत. स्तोत्रात दुर्जनांना गवताची उपमा आहे, लवकर सुकणाऱ्या. त्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणून हिवाळ्यात गवत हिरवेगार असते आणि शेजारचे झाड निष्पर्ण, वाळल्यासारखे उभे असते. आता हिवाळा आहे, तो सांगतो; तुमचे वैभव दिसत नाही, पण मुळे जिवंत आहेत. उन्हाळा येईल तेव्हा गवत सुकेल आणि झाडाला पालवी फुटेल. समोर बसलेल्यांनी ते झाड आणि ते गवत त्याच वर्षी पाहिलेले होते. हेवा दाबून टाका, असे तो म्हणत नाही. तुम्ही ऋतू चुकीचा वाचताय, असे म्हणतो.

४१० साली रोम लुटले गेले आणि ख्रिस्ती झाल्यामुळेच हे घडले असा आरोप झाला. त्याला उत्तर म्हणून याच बिशपाने ४१३ पासून जवळपास १३ वर्षे लिहिलेल्या बावीस खंडांच्या ग्रंथात हा मुद्दा पुन्हा येतो. ऐहिक सुखे आणि दुःखे चांगल्या-वाईट दोघांनाही मिळतात. ती फक्त भल्यांनाच मिळाली असती तर लोकांनी देवाची सेवा त्या मिळकतीसाठीच केली असती. त्याच ग्रंथात तो असेही लिहितो की न्याय वजा केला तर राज्य म्हणजे मोठी दरोडेखोरीच. हेवा नको म्हणणारा आणि राज्याला दरोडा म्हणणारा माणूस एकच होता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता हेव्याविषयीच्या एका वादग्रस्त निर्णयाकडे. १२७१-७२ च्या सुमारास पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या डोमिनिकन या संन्यासी संघातल्या एका धर्मपंडिताने विचारले : दुसऱ्याचे भले बघून होणारे दुःख नेहमी पापच का? त्याने चार प्रकार केले. पहिला, त्या माणसाच्या वाढत्या बळाने आपल्याला किंवा इतर भल्या माणसांना इजा होईल या भीतीचे दुःख. दुसरा, ते चांगले आपल्याकडे नाही याचे. हा आवेश, आणि विषय सद्गुणाचा असेल तर तो स्तुत्यच. तिसरा, ते लायकी नसलेल्याला मिळाले याचे. चौथा, तो आपल्याहून वरचढ ठरला याचे. हाच खरा हेवा आणि तो नेहमी वाईट.

अडचण तिसऱ्याची. मध्ययुगातले पंडित ज्याला नुसते ‘तत्त्ववेत्ता’ म्हणत, त्या प्राचीन ग्रीकाने या भावनेला ‘नेमेसिस’ म्हटले होते आणि ती चांगल्या स्वभावाची खूण मानली होती. नालायकाची भरभराट बघून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्यात न्यायाची चाड कुठली? डोमिनिकन पंडिताने इथे आपल्या आवडत्या तत्त्ववेत्त्याची साथ सोडली. ऐहिक गोष्टी अयोग्य माणसाला मिळतात त्या देवाच्या न्याय्य योजनेने, त्याच्या सुधारणेसाठी किंवा त्याच्या शिक्षेसाठी, आणि येणाऱ्या सुखापुढे त्या काहीच नाहीत; म्हणून हे दुःख शास्त्राला मान्य नाही, असा निकाल त्याने दिला. पुराव्यादाखल ३७ वे आणि ७३ वे, हीच दोन स्तोत्रे घेतली.

या निकालावर आजही दुमत आहे आणि माझे मनही त्यावर ठरत नाही. ७३ व्या स्तोत्राच्या कवीला नेमके हेच दुःख झाले होते आणि देवाने त्याला हाकलले नाही. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पहिला प्रकार, जो उद्धृत करताना बहुतेक जण गाळतात. तिथे त्याने हेव्याला यादीत बसवणाऱ्या त्याच सहाव्या शतकातल्या पोपचा आधार घेतला आहे. प्रेम न गमावताही शत्रूचा पाडाव आपल्याला आनंद देऊ शकतो आणि त्याचे वैभव हेव्याच्या पापाशिवाय आपल्याला दुःख देऊ शकते, असे ते वचन सांगते. कारण तो पडला की काही जण योग्यपणे वर येतात आणि तो चढला की अनेकांवर अन्याय होईल अशी धास्ती वाटते. जुलमी माणसाच्या हाती सत्ता गेलेली बघून झोप उडणे, हा हेवा नव्हे. हे परंपरेनेच म्हणून ठेवले आहे. पश्चिमेकडच्या मठांत तर दर संध्याकाळी येशूची आई मरीया हिचे गीत गायले जाई, ज्यात बलवानांना आसनांवरून खाली ओढल्याचे शब्द आहेत.

न्याय मागायला आलेल्या माणसाला ३७ व्या स्तोत्राची पहिली ओळ ऐकवून परत पाठवलेले मी पाहिले आहे. त्याची मजुरी अडकली होती. तो कोणाचाही हेवा करत नव्हता.

अशा वापराला आधुनिक काळात जोर चढला. १८०७ साली लंडनमध्ये, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून छापलेल्या निवडक बायबलातून मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून सुटकेची कथा वगळली आणि धन्यांची आज्ञा पाळण्याचा उपदेश ठेवला. १८४८ सालच्या एका इंग्रजी बालस्तोत्रात महालातला श्रीमंत आणि दारातला गरीब ही देवानेच लावलेली रचना ठरली. १९०६ च्या एका स्तोत्रसंग्रहाने ते कडवे गाळले. १८८७ साली एका जर्मन तत्त्वज्ञाने उलट बाजूने वार केला : ख्रिस्ती नीती म्हणजेच दुबळ्यांचा कुढत राहिलेला सूड. १९१२ मध्ये दुसऱ्या जर्मन विचारवंताने त्याला उत्तर दिले की ख्रिस्ती प्रेम भरलेपणातून खाली वाकते, कुढण्यातून नाही. त्या आरोपाने एक चांगले केले. आपण खरोखर क्षमा केली आहे की नुसतेच गप्प बसलो आहोत, हे तपासायला त्याने भाग पाडले.

१८९१ च्या पोपच्या परिपत्रकात दोन्ही धागे एकत्र दिसतात. समाजवादी गरिबांच्या मनातला श्रीमंतांविषयीचा हेवा चेतवतात, अशी तक्रार त्यात सुरुवातीलाच आहे. आणि त्यातच पुढे कामगाराची मजुरी बुडवणे हा स्वर्गापर्यंत हाक जाणारा अपराध म्हटला आहे, नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे करून. मालकवर्गाने पहिले वाक्य उचलले, कामगार संघटनांनी दुसरे. १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयिन शहरात लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी अन्याय्य व्यवस्थेलाच हिंसा म्हटले, तेव्हा त्यांच्यावरही वर्गद्वेष पेटवल्याचा ठपका आला. सहाव्या शतकातले ते धास्तीचे वचन त्या वादात कोणी पुढे आणले असते, तर बोलणे बरेच सोपे झाले असते.

विसाव्या शतकात अमेरिकेतून पसरलेल्या समृद्धीच्या उपदेशाने प्रश्नच फिरवला. धन ही देवाच्या कृपेची खूण मानली की धनवान दुर्जन ही अडचणच उरत नाही, आणि श्रोत्याला हेवा नको म्हणण्याऐवजी ‘हे तुलाही मिळेल’ असे सांगितले जाते. ‘नीतिमान निराधार झालेला मी पाहिला नाही’ हे ३७ व्या स्तोत्राचे २५ वे वचन त्या व्यासपीठांवर आवडीने वाचले जाते. कर्ज घेऊन न फेडणाऱ्या दुर्जनाचे २१ वे वचन त्याच्या चारच ओळी वर आहे.