नव्या रिलीजच्या यादीत १९८२ ची रेकॉर्ड कशी आली

एक्सपेरिमेंटल इलेक्ट्रॉनिक संगीतात यंदा काय विकत घ्यावं अशा याद्या चाळल्या की गेल्या पंधराएक वर्षांत एक गोष्ट सारखी दिसते, काल-परवा केलेल्या अल्बमच्या शेजारी चाळीस-पन्नास वर्षं जुन्या टेप आणि एलपी बसलेल्या असतात आणि त्यांनाही नवीन रिलीजच म्हणतात. त्यातल्या दोन आपल्या जवळच्या आहेत, एक अहमदाबादची आणि एक मुंबईची. मुंबईच्या रेकॉर्डवर इतकी भांडणं झालीत की तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

इलेक्ट्रॉनिक संगीताची सुरुवात म्हणून १९४८ चं पॅरिस, मग जर्मनीतल्या कलोनचा रेडिओ स्टुडिओ, हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. आपल्याकडे सुरुवात १९६९ ची. अहमदाबादच्या डिझाइन शिक्षणाच्या संस्थेत एका अमेरिकन संगीतकारानं मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आणि टेप मशीन लावून स्टुडिओ उभा करून दिला. तिथल्याच मंडळींनी पुढची तीनेक वर्षं त्यावर काम केलं, त्यात विद्यार्थी होते आणि न्यूयॉर्कमध्ये १९४६ सालीच तिथल्या नव्या संगीताशी ओळख झालेल्या एक बाईही होत्या. हे बाजारात विकायला केलेलंच नव्हतं, त्यामुळे टेप कपाटात गेल्या त्या गेल्याच. चाळीसहून जास्त वर्षांनी एका ब्रिटिश कलाकार-संशोधकाला त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या, साफ केल्या, आणि २०२३ मध्ये पहिल्यांदा विकत मिळाल्या. म्हणजे पन्नास वर्षं जुनं संगीत पण रिलीज मात्र खरोखर पहिलंच. याला नवीन म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

मुंबईचं तसं नाही. दहा राग आणि डिस्को बीटवाली ती एलपी १९८२ सालीच रीतसर दुकानात आली होती. करणारा माणूस फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा, लग्नसमारंभात वाजवणारा, सिनेमातल्या गाण्यांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड काढणारा. सिनेमात तेव्हा जिकडे तिकडे डिस्को चाललं होतं, म्हणून त्याच ठेक्यावर राग वाजवून बघू आणि तबला बंद ठेवू, एवढा साधा विचार. मशीन तीन, जपानी, ताल धरायला टीआर-८०८, खाली बेसला टीबी-३०३, आणि वर हातानं वाजवायला जुपिटर-८. भैरवीच्या सुरुवातीला मशीनमधून काढलेल्या आवाजात 'ओम नमः शिवाय' येतं. ती फारशी खपली नाही आणि विषय संपला.

मग २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीतल्या दुकानात ती सापडते, २०१० मध्ये ती परत निघते, आणि इथूनच घोळ सुरू होतो, कारण तिच्यावर शिक्का बसतो की ही जगातली पहिली अ‍ॅसिड हाऊस रेकॉर्ड, म्हणजे शिकागोत मशीनवर केलेल्या नाचाच्या संगीताचा तो प्रकार. शिकागोची जी रेकॉर्ड या प्रकाराची पहिली मानली जाते ती १९८७ ची, म्हणजे मुंबई पाच वर्षं आधी. काहींना तर हे इतकं अशक्य वाटलं की एका नामांकित ब्रिटिश कलाकारानं गुपचूप केलेली ही फसवणूक आहे अशी अफवा उठली. मला ती अफवा आजही लागते. मुंबईतला माणूस हे करूच शकणार नाही हे धरूनच ती चालते ना.

पण 'पहिली' हा शिक्काही मला पटत नाही, आणि इथे नीट बघायला हवं. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा कुठेही पुरावा नाही. टीबी-३०३ मुळात गिटारवाल्यांना एकट्यानं सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली, त्या कामात ती सपशेल पडली, १९८४ ला बंद झाली आणि सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागली, तेव्हा ती त्या पोरांच्या हाती आली. त्यांनी चालू पॅटर्नवर नॉब फिरवत आवाजाचा पोतच बदलत ठेवला, अ‍ॅसिड म्हणतात ते हे. मुंबईच्या रेकॉर्डवर तोच चिकट, वाकलेला आवाज आहे पण मुख्य काम वर हातानं वाजवलेल्या स्वरांचं आहे, आलापासारखं सुरू होऊन पुढे सरकणारं. १९८३ च्या सुमाराला स्कॉटलंड आणि इटलीतल्या रेकॉर्डवरही हीच मशीन आहे, त्यांना कुणी अ‍ॅसिड हाऊस म्हणत नाही.

मग मुंबईचं आणि शिकागोचं इतकं सारखं का वाटतं? मला वाटतं कारण रागात आहे. राग कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलत नाही, षड्ज खाली कायम असतो आणि वर सगळं घडतं, हाऊसही एका जागी उभं राहूनच चालतं. शिवाय ३०३ ला स्लाइड आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय, ती आपल्या कानाला मींडेसारखी लागते. अर्थात मशीनची घसरण ठरलेल्या वेळातच होते, गवय्या मींड हवी तितकी लांबवतो, हा फरक आहेच.

'पहिली' या शिक्क्यासारखाच याद्यांवरचा 'एक्सपेरिमेंटल', म्हणजे 'प्रायोगिक', हा शब्दही नीट बघायला हवा. आपल्याकडे प्रायोगिक म्हटलं की दादरचं छबिलदास आठवतं, म्हणजे धंद्याच्या नाटकाला मुद्दाम बाजूला ठेवून केलेलं काम. त्या मापानं अहमदाबाद प्रायोगिक, मुंबईची एलपी व्यावसायिक. दुकानात मात्र दोन्ही एकाच खणात.

हे सगळं आज विकत मिळतं त्यामागे डाऊनलोडची दुकानं आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या एका साइटवर डिजिटल विक्रीतले सुमारे १५ टक्के ठेवून बाकी कलाकाराला किंवा लेबलला जातात, आणि मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे कार्यक्रम बंद पडल्यावर, तिनं एक दिवस तेही सोडले, नंतर बऱ्याच महिन्यांत पहिल्या शुक्रवारी हे चालू राहिलं. पुढे ती साइटच २०२२ आणि २०२३ मध्ये दोनदा विकली गेली, दुसऱ्या वेळी जवळपास निम्म्या स्टाफची नोकरी गेली. म्हणून मी जमेल तिथे थेट लेबलकडून घेतो.

मुंबईच्या त्या कलाकाराला उतारवयात युरोपातल्या स्टेजवर हेच राग वाजवायला मिळाले, २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. रेकॉर्ड घेतलीत तर ललत आणि मालकंस आधी लावा. दोन्हीत पंचम नाही, बेसचा नेहमीचा सा-प चा आधारच गेलेला, तो कशावर उभा केलाय तिकडे कान द्या.