घाटी वेगळी, मिनी घाटी वेगळी

जालन्याकडून कुणी नातेवाईक पेशंट घेऊन छत्रपती संभाजीनगरला निघाले आणि फोनवर म्हणाले की "घाटीत येतोय", तर मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, की कोणती घाटी? कारण एकदा आमचे मामा चिकलठाण्याच्या गेटवर उभे होते आणि मी पाणचक्की रोडच्या गेटवर, दोघंही फोनवर सांगतोय की मी घाटीसमोरच आहे, आणि मध्ये अख्खं शहर. अर्धा तास तसाच गेला. तेव्हापासून ठरवलं होतं की हे एकदा नीट लिहून ठेवायचं, कारण गोंधळ फक्त पत्त्याचा नाहीये. दोन्ही सरकारी रुग्णालयंच, पण दोन्हींचं काम वेगळं आहे, आणि ते माहीत असलं की पेशंटचे हाल बरेच कमी होतात.

घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. १९५६ साली कॉलेज सुरू झालं, म्हणजे मराठवाडा निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तेच वर्ष, आणि पुढची कितीतरी वर्षं मराठवाड्यात दुसरं सरकारी मेडिकल कॉलेजच नव्हतं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ सत्तरच्या दशकात आलं, नांदेड १९८८, लातूर २००२. त्यामुळे बीड, जालना, परभणी, हिंगोली आणि तिकडून बुलढाणा, नगर, सगळीकडचा "पुढे न्या" म्हटलेला पेशंट घाटीत यायची सवय पडली ती पडलीच. खाटा आहेत ११७७, आणि पेशंट कायम त्याच्यापेक्षा जास्त.

मिनी घाटी म्हणजे चिकलठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, बाकी जिल्ह्यांत ज्याला सिव्हिल म्हणतात ते, खाटा २००. लोकांनी नाव मिनी घाटी पाडलं म्हणून वाटतं की ही घाटीचीच छोटी शाखा असेल, पण तसं अजिबात नाही. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाची, तिथे मुख्य अधिष्ठाता म्हणजे डीन. मिनी घाटी सार्वजनिक आरोग्य विभागाची, तिथे मुख्य जिल्हा शल्य चिकित्सक म्हणजे सिव्हिल सर्जन. मंत्रालयात खाती वेगळी, बजेट वेगळं, औषधांचा साठा वेगळा, केसपेपरचा नंबरही वेगळा. म्हणून एकीकडचा कागद दुसरीकडे "सिस्टिममध्ये असेल" असं धरून चालायचं नाही, सगळे रिपोर्ट, एक्सरे, डिस्चार्ज कार्ड पिशवीत घालून सोबतच न्यायचे.

नावावर तसंही जाऊ नका. सोलापूर, सांगलीत लोक ज्याला सिव्हिल म्हणतात ते प्रत्यक्षात मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, पुण्यात ससून मेडिकल कॉलेजचं आणि जिल्हा रुग्णालय औंधला, नागपुरात तर मेडिकल आणि मेयो दोन्ही कॉलेजवाले. बोर्डावर अधिष्ठाता लिहिलंय की जिल्हा शल्य चिकित्सक, एवढं वाचलं की कळतं.

पैशांचा फरकही बऱ्याच जणांना माहीत नसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी, उपचार मोफत केले. तो निर्णय आरोग्य विभागाचा होता, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांचा नाही, त्यामुळे घाटीत केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे सरकारी दराने पैसे द्यावे लागले तर ते कुणी खिशात घालतंय असं नाही. दर कमीच असतात. मोठं ऑपरेशन असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काउंटर शोधायचं, रेशनकार्ड आणि आधार घरूनच घेऊन निघायचं.

आता खरा फरक, आणि मला यावरच जास्त बोलायचंय. सिव्हिलचं काम जिल्ह्याचं आहे. सिव्हिल सर्जनकडे उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं असतात, नोकरीचं फिटनेस सर्टिफिकेट असतं, सोनोग्राफी सेंटरवर लक्ष ठेवायचं काम असतं. तिथे डॉक्टर कमी पण तयार असतात, एमडी, एमएस झालेले, आणि ताप, प्रसूती, हर्निया, मोतीबिंदू, साधं फ्रॅक्चर यासाठी मला वाटतं तिथेच जावं, घाटीच्या ओपीडीत सकाळपासून उभं राहायची गरज नाही.

घाटी मुळात शाळा आहे. तिथे प्रत्येक विभागात युनिट म्हणजे डॉक्टरांचे गट असतात, युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात, आणि तुमच्या केसपेपरवर जे युनिट लिहिलंय त्याच वारी परत जायचं, नाहीतर नवीन डॉक्टर पहिल्यापासून सगळं विचारणार. वर प्राध्यापक, खाली सहयोगी, सहायक, मग सिनियर रेसिडेंट, मग तीन वर्षांचे ज्युनिअर रेसिडेंट म्हणजे एमडी, एमएस शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर, मग इंटर्न, आणि त्यांच्या मागे वह्या घेतलेली एमबीबीएसची पोरं. लोकांना याचाच वैताग येतो, की एकच गोष्ट पाच जण विचारतात, आमच्यावर शिकतात. हो, शिकतात. पण त्या शिकण्यामुळेच रात्री दोन वाजता वॉर्डात रेसिडेंट जागा असतो, आणि सकाळच्या राउंडला त्याला सरांसमोर उत्तर द्यावं लागतं की हे औषध का दिलं, ती तपासणी का नाही केली. एकट्या डॉक्टरला असं रोज विचारणारं कुणी नसतं.

माझ्या आत्याला घाटीत अ‍ॅडमिट केलं होतं, काळी शी होत होती, रक्त खूप कमी झालेलं. एक विद्यार्थिनी आली, तिसऱ्या वर्षाला असेल, खाटेजवळ बसून अर्धा पाऊण तास "मावशी हे सांगा, मावशी ते सांगा" करत राहिली. शेती किती, जेवता काय, झोप लागते का. आत्याला बोलायला कुणीतरी मिळालं. आणि त्या बोलण्यात निघालं की गुडघ्यासाठी गावातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या दोन वर्षं रोज चालू आहेत, कधी कधी उपाशीपोटी. आम्हाला घरात कुणाला माहीत नव्हतं, तिनेही आधी सांगितलं नव्हतं, कारण तिच्या हिशोबी ते औषध नव्हतंच. त्या गोळ्यांनी पोटात अल्सर होऊन रक्त जातं. मुलीने लगेच रेसिडेंटला सांगितलं, दुर्बिणीची तपासणी झाली, गोळ्या बंद. आत्या आजही तिचं नाव काढते. विद्यार्थ्यांनी तपासू नये वाटलं तर तसं स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे, पण जमलं तर बोलू द्या त्यांना.

आणि घाटीची काही कामं तर पेशंटला दिसतही नाहीत. देहदान स्वीकारतात तो शरीररचनाशास्त्र विभाग तिथे, कारण पहिल्या वर्षाची मुलं त्याच देहावर शिकतात. आमखास मैदानाजवळचं कर्करोग रुग्णालय घाटीचाच भाग, किमो आणि रेडिएशनसाठी आता मुंबईची गाडी धरावीच लागते असं नाही. कोविडच्या सुरुवातीला मिनी घाटी कोविडसाठी दिली आणि जास्त गंभीर पेशंट घाटीत, तेव्हा दोघींनी मिळून शहर सांभाळलं.

दोघींचं नातं तसं जवळचंच. आता एमडी, एमएस करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं आहे, म्हणून घाटीसारख्या कॉलेजचा रेसिडेंट तुम्हाला एखाद्या सिव्हिलमध्येही दिसेल. आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या दवाखान्यात पाटी वाचा, बऱ्याच डॉक्टरांची डिग्री याच कॉलेजची निघते.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात १० नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यात जालना आणि हिंगोली पण आहेत. पण बोर्ड लागला म्हणून लगेच तिथे घाटी तयार होत नाही. पहिली बॅच वॉर्डात यायला वेळ, पीजीच्या म्हणजे एमडी, एमएसच्या जागा मिळायला त्याहून वेळ, आणि रात्री जागणारे रेसिडेंट त्यानंतरच येणार. तोपर्यंत अवघड पेशंट इकडेच येणार आहेत.

तर जालना रोडने येताना चिकलठाणा आधी लागतं. पेशंट घाबरवणारा नसेल तर तिथे उतरा. डोक्याला मार, मोठा अपघात, पॅरालिसिस, छातीत दुखणं, मोठं भाजलेलं, कमी दिवसांचं बाळ असं काही असेल तर १०८ ला फोन करा, आणि रिक्षाने निघालात तर नुसतं घाटी म्हणू नका, "मोठी घाटी, पाणचक्की रोडची" असं म्हणा.