खडू तिरकाच का तुटतो?

एक कोरा खडू घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि एक हात पुढे, एक मागे असा पीळ द्या. तुकडा सरळ पडत नाही. तुटलेला पृष्ठभाग खडूभोवती वळत जातो आणि अक्षाशी साधारण ४५ अंशांचा कोन करतो. वाकवून तोडलात तर असं होत नाही.

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलं हाच प्रयोग टॉर्शन मशीनवर, म्हणजे पीळ देणाऱ्या यंत्रावर करतात. माइल्ड स्टीलची सळई कित्येक वेढे सोसते आणि शेवटी अक्षाला काटकोनात, अगदी सपाट तुटते. बिडाची सळई लावली तर ती जेमतेम वळते आणि खडूसारखीच तिरकी जाते. पीळ तोच, मग तुटण्याची तऱ्हा वेगळी का?

खडूवर पेन्सिलीने एक लहान चौकोन काढला आहे असं समजा. पीळ दिला की त्याच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींवरून सरकू पाहतात. हे सरकवणारं बल म्हणजे शिअर. चौकोन त्यामुळे कलंडतो, त्याचा एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखडतो. म्हणजे शिअरच्या पोटातच ४५ अंशांवर ताण आणि त्याच्या आडवा दाब असतो. खडू आणि बीड ताणाला कच्चे, त्यामुळे भेग लांबलेल्या कर्णाला आडवी फाकते. स्टीलच्या स्फटिकांमधले अणूंचे थर मात्र सहज घसरतात, म्हणून ते घसरणीच्याच पातळीवर हार मानतं. ‘शिअरने तुटलं’ एवढंच म्हणणं मला म्हणूनच अर्धवट वाटतं. पदार्थाला काय झेपत नव्हतं, हे त्यात येत नाही.

बाणेर-वाकडकडच्या एखाद्या बांधकामावर बीमचा सांगाडा पाहा. लांब सळयांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगा कॉलमजवळ दाट असतात, मध्यावर विरळ. टोकांकडे शिअर जास्त असतो, आणि काँक्रीट जेवढा दाब घेतं त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकाच ताण त्याला झेपतो. तिरक्या जाऊ पाहणाऱ्या भेगा या रिंगांनी अडवायच्या असतात. घाईत रिंगा वगळायच्याच असतील, तर टोकाकडची जागा सर्वांत वाईट.

हाडाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. कबड्डीत पाय पकडीत जागीच राहिला आणि धड फिरलं, तर नडगीला पीळ बसतो. पंजा लढवताना तोच पीळ दंडाच्या हाडाला बसतो. एक्स-रेमध्ये भेग हाडाभोवती वळत गेलेली दिसते, खडूसारखीच. त्या वळणाची दोन टोकं जोडणारी एक उभी चीरही असते. हाड लांबीच्या दिशेने सुमारे १९० मेगापास्कल दाब आणि १३० मेगापास्कल ताण सोसतं, शिअर मात्र ७० च्या आसपासच. त्याची सूक्ष्म नळकांडी लांबीला समांतर रचलेली असतात आणि त्यांना जोडणारा थर कच्चा असतो. तिथे आधी घसरून फट पडते, मग ताण ती भेग तिरकी ओढत नेतो. दंडाच्या हाडाला वेढून जाणारा मज्जातंतू यात दुखावला, तर मनगट वर उचलता येत नाही.

जमिनीखाली काही किलोमीटरवर याच्या उलट घडतं. वरच्या खडकाचा भार इतका असतो की ताणाची फट उघडूच शकत नाही, आणि खडक घसरूनच मोकळा होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात तेच झालं. धक्का पुण्यालाही जाणवला होता.

मेंदूला तर निवडच नाही. त्यात पाणी इतकं की दाबून आकारमान कमी करणं जवळपास अशक्य, पण आकार बदलणं त्याहून सुमारे दहा लाख पट सोपं. ऑक्सफर्डच्या होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये जिलेटिनची प्रतिकृती वापरून मांडलं की मेंदूला खरा धोका डोकं झटक्यात फिरण्याचा आहे. कवटी फिरते, मेंदू मागे राहतो आणि आतले थर एकमेकांवरून सरकतात. मज्जातंतूंचे लांब धागे हळू ताणले तर सोसतात. काही मिलिसेकंदांत ताणले, तर त्यांच्या आतल्या सूक्ष्म नलिका तडकतात. रुग्ण बेशुद्ध असतो, आणि पहिल्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा काहीच सापडत नाही.

पुण्यात हेल्मेटचा विषय काढला की वाद ठरलेला. दुचाकीवरून पडणारं डोकं रस्त्यावर बहुधा तिरकं आपटतं. हेल्मेटमधला फोम सरळ ठोका उत्तम शोषतो, तिरक्या आघातातलं फिरणं मात्र तितकंसं थांबवत नाही. म्हणून २२.०६ या नव्या युरोपीय मानकात तिरक्या पृष्ठभागावरची चाचणी आली आहे. स्टॉकहोममध्ये विकसित झालेल्या एका रचनेत फोमच्या आत सैल अस्तर बसवतात. आघात झाला की हेल्मेट डोक्यावर काही मिलिमीटर सरकतं आणि शिअरचा काही वाटा मेंदूऐवजी ते अस्तर घेतं.