सॉफ्टवेअरची स्टॅटिस्टिकल टेस्टिंग

सॉफ्टवेअरवर किती भरवसा ठेवायचा हे आकड्यात सांगायची पद्धत म्हणजे स्टॅटिस्टिकल टेस्टिंग, म्हणजेच सांख्यिकी चाचणी. नेहमीच्या टेस्टिंगमधे बग (कोडमधल्या चुका) पकडायचे असतात, इथे प्रश्न वेगळा असतो, खऱ्या वापरात हे किती वेळा फेल होईल?

आता कोड तर ठरलेला, तेच इनपुट दिलं की तेच उत्तर, मग यात प्रोबॅबिलिटी कुठून आली असं बऱ्याच जणांना वाटतं. मशीनचा पार्ट झिजतो, कोड झिजत नाही, बग पहिल्या दिवसापासून तिथेच बसलेला असतो, पण त्याला धक्का देणारं इनपुट कधी येईल ते सांगता येत नाही, अनिश्चितता ती तिथे. आयबीएमच्या एडवर्ड अ‍ॅडम्स यांनी १९८४ मधे दाखवलं की सापडलेल्या चुकांपैकी जवळपास एक तृतीयांश इतक्या दुर्मिळ होत्या की त्यातली एखादी चूक साधारण ५००० वर्षांच्या वापरात एकदा दिसली असती. त्यामुळे नुसते बग मोजून भरवसा कळत नाही.

म्हणून टेस्ट केस मर्जीने निवडायच्या नाहीत, प्रत्यक्ष वापरात जी इनपुट ज्या प्रमाणात येतात त्याच प्रमाणात रँडम उचलायची. या प्रमाणाला ऑपरेशनल प्रोफाइल म्हणतात, बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेच्या जॉन मुसा यांनी ही कल्पना रुजवली. माझ्या मते सगळ्यात जास्त जीव इथेच लावायला हवा, कारण प्रोफाइल बदललं की जुना आकडा गेलाच. युरोपच्या एरियन ४ रॉकेटवर नीट चाललेला कोड एरियन ५ मधे तसाच घेतला, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि ४ जून १९९६ ला उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच रॉकेट भरकटून फुटलं.

हिशोब तसा सोपा आहे. ३००० रँडम टेस्ट एकही फेल न होता पार पडल्या तर ९५% खात्रीने म्हणता येतं की फेल व्हायची शक्यता हजारात एकपेक्षा कमी. दहा हजारात एक आणि ९९% खात्री हवी असेल तर सुमारे ४६,००० टेस्ट लागतात, आणि मधे एक जरी फेल झाली, कोड दुरुस्त केला, की काटेकोरपणे बघता मोजणी परत शून्यापासून. विमानाच्या अतिमहत्त्वाच्या सिस्टिमसाठी तासाला एक अब्जांश एवढी कमी शक्यता अपेक्षित असते, पण एक अब्ज तास म्हणजे १,१४,००० वर्षं! नुसत्या टेस्टिंगने तिथवर पोचता येत नाही, हे लिटलवुड-स्ट्रिजिनी आणि बटलर-फिनेली या संशोधकांच्या दोन्ही जोड्यांनी १९९३ मधेच मांडलं.

शिवाय हजारो उत्तरं बरोबर आहेत का हे हाताने कोण तपासणार, म्हणून बरेचदा दुसऱ्या टीमने लिहिलेल्या प्रोग्रामशी ताडून बघतात. पण १९८६ मधे नाइट आणि लेव्हसन या संशोधकांनी एकाच कामाचे वेगवेगळे लिहिलेले २७ प्रोग्राम दहा लाख टेस्टवर चालवले तेव्हा एकाच इनपुटवर अनेक प्रोग्राम एकदम चुकल्याचं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसलं, म्हणजे दोन प्रोग्रामची उत्तरं जुळली तरी ती बरोबर असतीलच असं नाही.